विश्लेषण : अँड्रॉइडचे दार बंद होत आहे का? स्वतंत्र अ‍ॅप विकासक अस्वस्थ का?

अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरबाहेरूनही अ‍ॅप घेता येते. एखाद्याच्या संकेतस्थळावरून किंवा मित्राने पाठवलेल्या ‘एपीके’ फाइलवरून अ‍ॅप बसवण्याची ही सोय सुरुवातीपासून आहे. अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यातला हा मोठा फरक. मात्र ऑगस्ट २०२५मध्ये गूगलने जाहीर केलेल्या धोरणामुळे हा फरक पुसट होण्याची चिन्हे आहेत. त्याचा सर्वाधिक फटका एकट्यादुकट्याने काम करणाऱ्या विकासकांना बसेल, असे म्हटले जाते.

नवा नियम काय आहे?

गूगलने प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनवर, म्हणजे प्ले स्टोअर आधीपासून असलेल्या जवळपास प्रत्येक फोनवर, ओळख पडताळलेल्या विकासकाचेच अ‍ॅप बसवता येईल. ते अ‍ॅप प्ले स्टोअरवरून आले की बाहेरून, याने फरक पडणार नाही. विकासकाला कायदेशीर नाव, पत्ता, ईमेल, दूरध्वनी क्रमांक आणि आवश्यक तेथे सरकारी ओळखपत्र गूगलकडे द्यावे लागेल. त्यासाठी २५ डॉलर शुल्क आहे. शिवाय आपल्या प्रत्येक अ‍ॅपची नोंदणीही करावी लागेल. सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, तर २०२७पासून टप्प्याटप्प्याने जगभर हा नियम लागू करण्याचे गूगलचे वेळापत्रक आहे.

गूगलची बाजू काय?

फसवणूक रोखणे, हे गूगलने दिलेले कारण आहे. प्ले स्टोअरच्या तुलनेत इंटरनेटवरून थेट घेतलेल्या अ‍ॅपमध्ये घातक सॉफ्टवेअरचे प्रमाण ५० पटींहून अधिक आढळले, असे कंपनी सांगते. एक बनावट अ‍ॅप बंद केले की तोच भामटा दुसऱ्या नावाने परत येतो. ओळख नोंदवलेली असेल तर हे कठीण होईल, असा हा युक्तिवाद आहे. तो पोकळ नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचे ई-चलान म्हणून एपीके फाइल पाठवायची आणि ती उघडणाऱ्याचे बँक खाते रिकामे करायचे, हा प्रकार महाराष्ट्रातील पोलिसांच्या सायबर विभागांनाही नवा नाही.

मग विकासकांचा आक्षेप कशाला?

पडताळणी होणार आहे ती माणसाची, अ‍ॅपची नव्हे. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर सिमकार्ड आणि बँक खाती मिळवणाऱ्या टोळ्यांना विकासकाचे खाते मिळवणेही अवघड नाही, असे टीकाकार म्हणतात. अडचण होईल ती प्रामाणिक माणसाची. समजा, एखाद्या तरुणाने गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी हिशेबाचे छोटे अ‍ॅप तयार केले आणि ते शंभर शेतकऱ्यांना थेट पाठवले. त्याचा गूगलशी काहीही व्यवहार नाही. तरी त्यालाही आता आधी गूगलकडे नाव नोंदवावे लागेल.

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतील ‘एफ-ड्रॉइड’ या अ‍ॅपसंग्रहाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. २०१०पासून चालणारा हा संग्रह अ‍ॅपचा मूळ कोड तपासून त्यातून अ‍ॅप तयार करतो. वापरकर्त्यांकडून तो खाते उघडून घेत नाही. तेथील अ‍ॅप जगभरातील स्वयंसेवकांनी लिहिलेली असतात आणि त्यातील अनेकांना आपली खरी ओळख द्यायची नसते. सर्वांना नोंदणीची सक्ती करणे शक्य नाही आणि त्यांच्या अ‍ॅपची मालकी स्वतःच्या नावावर घेणे योग्य नाही. त्यामुळे हा नियम लागू झाल्यास आपला प्रकल्पच संपेल, अशी भूमिका एफ-ड्रॉइडने घेतली आहे.

हे एकच पाऊल आहे का?

नाही. नोव्हेंबर २०२३नंतर प्ले स्टोअरवर वैयक्तिक खाते उघडणाऱ्या विकासकाला अ‍ॅप प्रसिद्ध करण्यापूर्वी २० परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेण्याची अट आली. पुढे ही संख्या १२ झाली. मोठ्या कंपनीला हे किरकोळ वाटेल. घरी बसून एकट्याने काम करणाऱ्याला तेवढी माणसे जमवणेही जड जाते. मार्च २०२५मध्ये गूगलने अँड्रॉइडचे सर्व विकासकाम अंतर्गत पातळीवर हलवले. कोड आजही खुला होतो, पण काम पूर्ण झाल्यावर.

अ‍ॅपलकडे काय स्थिती आहे?

आयफोनचे दार पहिल्यापासूनच बंद आहे. तेथे विकासकाला वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. युरोपीय महासंघाच्या डिजिटल बाजार कायद्यामुळे मार्च २०२४पासून अ‍ॅपलला तेथे पर्यायी अ‍ॅप स्टोअरना परवानगी द्यावी लागली. पण त्यावरील अ‍ॅपचीही अ‍ॅपलकडून तपासणी होतेच.

एकाच हाती किल्ली असण्याचा धोका येथे दिसतो. २०१७मध्ये चीन सरकारच्या नियमांमुळे अ‍ॅपलने तेथील स्टोअरमधून अनेक व्हीपीएन अ‍ॅप हटवली. ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकी सरकारच्या मागणीनंतर स्थलांतर विभागाच्या अधिकाऱ्यांचा ठावठिकाणा कळवणारे ‘आइसब्लॉक’ हे अ‍ॅप काढले. आयफोनधारकांना ते घेण्याचा दुसरा सोपा मार्गच नव्हता. अँड्रॉइडवर आजवर असा मार्ग होता.

भारतात कायदा काय सांगतो?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरून अ‍ॅप घेण्यावर निर्बंध घालू नयेत, असेही त्या आदेशात होते. मात्र राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय लवादाने मार्च २०२३मध्ये दंड कायम ठेवताना हा निर्देश रद्द केला. मार्च २०२४मध्ये शुल्काच्या वादातून गूगलने शादी, नोकरी, भारत मॅट्रिमनी अशी अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढली होती. केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्यावर ती परत आली. छोट्या विकासकासाठी सरकार असे धावून येईलच, असे नाही.

पुढे काय?

टीकेनंतर नोव्हेंबर २०२५मध्ये गूगलने थोडी माघार घेतली. धोका समजून घेऊन अपडताळलेले अ‍ॅप बसवू इच्छिणाऱ्या जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळा मार्ग आणि विद्यार्थी-हौशी विकासकांसाठी मर्यादित उपकरणांपुरते खाते देण्याचे कंपनीने जाहीर केले. संगणकाला फोन जोडून अ‍ॅप बसवण्याची मुभाही कायम राहील. हा मार्ग किती सोपा ठेवला जातो, यावर बरेच अवलंबून आहे. इशारे आणि पायऱ्या इतक्या वाढल्या की सामान्य माणूस मध्येच थांबला, तर मुभा कागदावरच राहील. भारतासाठी २०२७ची मुदत फार लांब नाही. भामट्यांना रोखण्याची गरज खरीच आहे. पण पैसे देऊन घेतलेल्या फोनवर कोणते अ‍ॅप चालावे, याचा अंतिम निर्णय मालकाचा की कंपनीचा, हे तोवर ठरवावे लागेल.