पिझ्झो स्वस्त कित्याक नाय?

‘जीएसटी कमी झालो मां? मगे पिझ्झो स्वस्त कित्याक नाय झालो?’ कॉलेज सुटल्यावर कॉन्ट्री काढून कुडाळच्या बाजारपेठेत पिझ्झा खायला बसलेल्या ग्रुपला हा प्रश्न पडणारच.

आणि तो रास्त आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून पिझ्झा ब्रेडवरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून शून्यावर आला. म्हणजे सरकारदरबारी पिझ्झा ब्रेड आता चपाती-खाकऱ्याच्या पंगतीत! चीजवरचा करही 12 वरून 5 टक्के झाला. मग 180चा पिझ्झा 180लाच का?

कारण टेबलावर बसून खाताना आपण ब्रेड आणि चीज विकत घेत नाही, कायद्याच्या भाषेत आपण हॉटेलची ‘सेवा’ घेतो. तिच्यावरचा 5 टक्के कर तसाच आहे. कमी झाला तो दुकानदाराच्या खरेदीवरचा. हा कर त्याला वळता करून मिळत नाही, खर्चातच जातो. त्यामुळे थोडी बचत त्याची नक्की झाली.

किती? समजा चीज करापूर्वी 400 रुपये किलो. आधी ते 448ला पडायचं, आता 420ला. एका पिझ्झावर 80 ग्रॅम घातलं तर वाचले सव्वादोन रुपये. 15 रुपयांच्या बेसवर वाचले 75 पैसे. एकूण जेमतेम 3 रुपये. गॅस, भाडं, पोरांचे पगार आहेत तिथेच. 3 रुपयांसाठी गल्लीतल्या दुकानदाराला नफेखोर म्हणणं जरा अतीच.

मोठ्या साखळ्यांचं गणित वेगळं, तिथे 3 रुपये लाखो पिझ्झांनी गुणायचे. नोव्हेंबर 2017मध्ये हॉटेलांवरचा कर 5 टक्के झाला, तेव्हा मूळ किंमत वाढवून फायदा ग्राहकाला दिला नाही, असा ठपका डॉमिनोज चालवणाऱ्या जुबिलंट फूडवर्क्सवर 2019मध्ये ठेवला गेला. रक्कम होती 41 कोटींच्या वर. कंपनीने त्याला कोर्टात आव्हान दिलं. पण अशा नफेखोरीच्या नव्या तक्रारी घेण्याची ती व्यवस्थाच 1 एप्रिल 2025 पासून बंद झाली, आणि करकपात आली सप्टेंबरात!

आपल्या खिशाचा खरा मामला मात्र बिलाच्या तळाशी असतो. 180वर 5 टक्के म्हणजे 9 रुपये, ज्यावरून वाद घालतोय त्याच्या तिप्पट. हे 9 रुपये प्रत्येक दुकानाला घेता येत नाहीत. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल, तर जीएसटी लावायचाच नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेलं दुकान ‘कंपोझिशन’ योजनेत असेल, तर कर त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा, आणि आपण ग्राहकाकडून कर घेऊ शकत नाही असं बिलावर छापायचं.

म्हणून बिलावर जीएसटीची ओळ दिसली की 15 अक्षरी-आकडी नंबर शोधा. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात 27ने होते. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकान कोणाच्या नावावर आणि कुठल्या योजनेत आहे ते दिसतं, पिझ्झा भट्टीतून यायच्या आत. नंबरच नसेल तर काउंटरवर शांतपणे विचारा. बहुतेक वेळा ती ओळ तिथेच खोडली जाईल. नाहीच ऐकलं, तर बिलाचा फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915वर फोन लावा.