डोळा आणि डोया

हाताच्या खुणा व तोंडचे शब्द ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय आपल्यापैकी अनेकांनी ज्या उपकरणावर आरंभिला, ते किनेक्ट नोव्हेंबर २०१० मध्ये बाजारात आले आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादनही थांबले. परंतु त्याने घालून दिलेला शिरस्ता आपल्या कामात अद्याप कायम आहे. अवरक्त ठिपक्यांच्या जाळीने समोरच्या दृश्याची खोली मोजावी, त्यातील प्रत्येक बिंदू शरीराच्या कोणत्या अवयवाचा हे निर्णयवृक्षांकडून ठरवून घ्यावे, आणि त्यावरून वीस सांध्यांचा सांगाडा सेकंदाला तीस वेळा रचावा, ही युक्ती ज्यांना सुचली त्यांच्या प्रज्ञेविषयी आमच्या मनात निखळ आदर आहे. मात्र तो सांगाडा प्रामुख्याने उभ्या माणसाचा होता. बसलेल्यांसाठी २०१२ मध्ये जी तजवीज झाली, तीही खुर्चीवरच्या माणसाला धरून आणि कमरेवरच्या दहा सांध्यांपुरतीच होती.

आता हे यंत्र जळगावनजीकच्या असोद्यात, ऐन हिवाळ्यात, एखाद्या अंगणात नेऊन ठेवावे. भरिताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी एखादी बाई कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत बसलेली असते: एक गुडघा उभा, दुसरा भुईला टेकलेला, डोक्यावरचा पदर खांद्यावरून कोपरापर्यंत उतरलेला, आणि डोळ्यांत धूर जाऊ लागला की उजवा हात दोन-तीन वेळा चेहऱ्यासमोर झपाझप हालणारा. आज्ञावलीला तिचे गुडघे सापडत नाहीत, कोपर पदराआड जाते, आणि धूर वारणारा तो हात म्हणजे यंत्राला जागे करण्याची खूण होय असा आज्ञावलीचा ग्रह होतो, कारण हात हालवणे हीच किनेक्टला हाक मारण्याची रीत होती. येथे दोष त्या बाईकडे नाही. ज्यांनी नमुने गोळा केले त्यांच्यासमोर ती कधी बसलीच नव्हती. साध्या कॅमेऱ्यावरून शरीराचे तेहतीस बिंदू काढणारी साधने आज खिशातल्या फोनवर चालतात, तरी हा प्रश्न मिटलेला नाही. सबब, केवळ हाताच्या गतीवर हुकूम मानू नये. हात थांबला आहे काय, मुद्रा यंत्राकडे वळली आहे काय, यांची खातरजमा करून मगच पुढची पायरी घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

कानाचा प्रश्न याहून नाजूक आहे. या भागातील लेवा गणबोलीत डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते, पाण्याचे पानी होते. आणि प्रमाण मराठीच्या वाचनावर शिकवलेली आज्ञावली हे शब्द ओळखीच्या कोणत्यातरी शब्दात कोंबून मोकळी होते. याच असोद्यात १८८० साली कवयित्री बहिणाबाई जन्मल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी ऐकून टिपून घेतली, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. त्या टिपणाऱ्यांनी ‘पानी’चे ‘पाणी’ केले नाही, हा त्यांचा मराठीवरचा केवढा उपकार! उच्चार ओळखणारे यंत्र हाही एक लेखनिकच आहे. म्हणून बोलीतील रूप मूळ नोंदीत जसेच्या तसे राहावे, प्रमाण रूप त्याच्या शेजारी वेगळ्या रकान्यात यावे, आणि शब्द कळला नाही तर यंत्राने अंदाजाने न लिहिता पुन्हा विचारावे, एवढी शिस्त आपल्या हातची आहे.

याकरिता नमुने गावातूनच आणावे लागतील, आणि ते आणताना इजाजतीचा तपशील दप्तरी जबाबदारीने राखावा लागेल. २०२३ च्या विदासंरक्षण कायद्याने संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची तरतूद केली आहे. त्या अनुसूचीत ना अहिराणी आहे, ना लेवा गणबोली. तेव्हा संमतीचा मजकूर त्या बाईला तिच्या बोलीत, तिच्याजवळ बसून, सावकाश वाचून दाखवावा, तिच्या शंका ऐकाव्या, आणि ती नको म्हणाली तर कॅमेऱ्यावर झाकण घालून जाळापासून दूर व्हावे.