सफरचंदाची काडी का रुजत नाही

विंचूर-लासलगाव पट्ट्यात काडी रुजवणे ही काही शिकवण्याची गोष्ट नाही. द्राक्षाची पक्व काडी पिशवीत खोचली की दीड-दोन महिन्यांत तिला पांढरी मुळी सुटते. अंजीर, तुती, डाळिंब, अगदी बांधावरचा शेवगासुद्धा असाच लावला जातो. त्यामुळे हिमाचलच्या सहलीहून आणलेली सफरचंदाची फांदी कुंडीत लावून पाहावी, असे इथे कुणाला वाटले तर नवल नाही. मोबाइलवरच्या चित्रफिती त्या उत्साहात भरच घालतात. फांदीचे टोक बटाट्यात खुपसा, त्याला कोरफडीचा गर लावा, महिनाभरात झाड तयार. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बटाटा तेवढा छान उगवतो.

फसगत होते ती पालवीमुळे. थंडीत कापलेल्या फांदीच्या लाकडात मागच्या हंगामाचा अन्नसाठा असतो. ऊब आणि ओल मिळाली की डोळे फुगतात, दोन-चार पाने उलगडतात आणि घरातले सगळे खूश होतात. पण ही पाने साठ्यावर जगत असतात, आणि वर पाणी उडवत राहतात. खाली पाणी ओढायला मुळी नसते. चार-सहा आठवड्यांत साठा संपतो, पाने मलूल होतात, फांदी काळी पडते. ‘फुटली होती, पण उन्हाने गेली’ असे मग सांगितले जाते. ती उन्हाने गेलेली नसते. तिला मूळ कधी आलेलेच नसते.

द्राक्षाच्या काडीला जे सहज जमते ते सफरचंदाला का जमत नाही? खोडातल्या पेशींनी आपले ठरलेले काम सोडून मुळी घडवायला लागावे, ही क्षमता जातीजातीत वेगळी असते आणि झाड वयात आले, फळायला लागले की ती मंदावते. सफरचंदाच्या फळणाऱ्या झाडावरची फांदी या बाबतीत फार हट्टी. अपवाद आहेत. काही जातींच्या फांद्यांवर खरबरीत गाठी येतात, त्यांत मुळ्यांचे अंकुर आधीच दडलेले असतात. अशी गाठ मातीत गेली तर फांदी रुजते. संजीवकाची मदतही होते. इंडोल ब्युटिरिक आम्लात, म्हणजे रोपवाटिकावाले ज्याला आयबीए म्हणतात त्यात, काडीचे बूड बुडवायचे, बुडाशी वीस अंशांच्या आसपास ऊब द्यायची आणि वरचे डोळे मात्र थंड ठेवायचे. खाली मुळी सुटेपर्यंत वर पालवी फुटू नये यासाठी हा खटाटोप. नाशिक जिल्ह्यातल्या फेब्रुवारीत, घराच्या गच्चीवर, हे साधणे किती अवघड आहे ते सांगायला नको.

म्हणूनच जगातले सफरचंदाचे बागायतदार चवीच्या जातीची फांदी रुजवत बसत नाहीत. ते खुंट रुजवतात आणि त्यावर कलम करतात. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात ईस्ट मॉलिंग येथे १९१३ मध्ये संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे रोनाल्ड हॅटन यांनी युरोपभर गोंधळलेल्या नावांनी फिरणारे खुंट गोळा केले, पारखले आणि त्यांना क्रमांक दिले. एम-९ हा त्यातलाच. पुढे लोकरी माव्याला दाद न देणारी एमएम मालिका आली. एमएम-१०६ आणि एमएम-१११ तिच्यातले. (उसावर येतो तो लोकरी मावा वेगळा.) हे खुंट वाढवण्याची रूढ पद्धतही काडी खोचण्याची नाही. मातृझाड जमिनीलगत कापतात, त्याला फुटलेल्या कोंबांभोवती मातीची भर लावत जातात, अंधारात राहिलेल्या बुडाशी मुळ्या सुटतात आणि हंगामाअखेर मुळीसकट कोंब कापून घेतात. आपल्याकडच्या दाब कलमाचाच हा भाऊबंद.

समजा, एखाद्याची काडी रुजलीच. तरी प्रश्न संपत नाही. झाड किती उंच होणार, फळ किती वर्षांनी देणार, हे मोठ्या प्रमाणात खुंट ठरवतो. एम-९ वरचे झाड माणसाच्या हाताला येईल एवढेच राहते आणि लवकर फळते. स्वतःच्या मुळावरचे झाड बहुधा ऐसपैस वाढते आणि फळाला वेळ लावते. त्यात विंचूरची काळी, पाणी धरून ठेवणारी माती. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचले की सफरचंदाची बुंधकूज ठरलेली. एमएम-१०६ सुद्धा या रोगाला बळी पडतो. कोरडेपणा सोसण्यात एमएम-१११ उजवा. कुंडीत लावायचे की परसात, माती भारी की मुरमाड, यावर कोणता खुंट घ्यायचा ते ठरते. जात कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे सगळे निफाड तालुक्याला परके वाटायचे कारण नाही. द्राक्षाची काडी सहज रुजते, तरीही इथला बागायतदार आज थॉमसनची काडी थेट शेतात लावत नाही. पूर्वी तशाच बागा उभ्या राहिल्या. मग खारवट पाणी, चुनखडीची जमीन आणि दुष्काळ यांनी त्या दमवल्या आणि गेल्या तीसेक वर्षांत डॉगरीज हा जंगली अमेरिकी खुंट सर्वत्र आला. आधी डॉगरीजची रोपे लावायची, ती पेन्सिलीएवढी जाड झाली की पावसाळा सरता सरता त्यावर पाचर कलम भरायचे. डॉगरीजही रुजायला तसा सोपा नाही, म्हणून त्याच्या काड्याही आयबीएत बुडवतात. कलम भरणाऱ्या कुशल टोळ्या याच भागात घडल्या. सफरचंद घरी करून पाहण्याची हौस असेल, तर विंचूरच्या माणसाने चित्रफितीऐवजी शेजारच्या बागेत कलम भरणाऱ्याला विचारावे. एखादे खुंटरोप मागवायचे. डिसेंबर-जानेवारीत झोपलेल्या झाडाची कलमकाडी ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची. खुंट जागा होत असताना पाचर मारून, सालीला साल जुळवून पट्टी घट्ट बांधायची. चाकू धारदार आणि हात स्वच्छ असेल तर यशाची शक्यता काडी खोचण्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याच फ्रिजमध्ये पिकलेली फळे मात्र नकोत. त्यांतून सुटणारा इथिलीन वायू डोळे मारतो.

राहिला थंडीचा प्रश्न, आणि इथेही एक गोड गैरसमज आहे. निफाडची थंडी राज्यभर बातमीत असते. डिसेंबर २०१८ मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. एवढी थंडी असेल तर सफरचंद का येणार नाही? पण झाड एका पहाटेचा नीचांक मोजत नाही, ते हिवाळाभराचा हिशेब ठेवते. नेहमीच्या जातींना साधारण सात अंशांखालचे ८०० ते १२०० तास लागतात. आपल्याकडे तसे तास थंडीच्या लाटेतल्या मोजक्या पहाटेपुरते. दुपारी पारा पंचविशीच्या पुढे जातो आणि रात्रीची कमाई बरीचशी पुसून टाकतो. तेवढ्या थंडीतही द्राक्षवाल्याला मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, हा भाग वेगळा.

म्हणून इथे विचार करायचा तो कमी थंडीवर भागणाऱ्या जातींचा. इस्रायलची अ‍ॅना, बहामा बेटांवरची डॉरसेट गोल्डन आणि हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी पुढे आणलेली एचआरएमएन-९९ या त्यांतल्या ठळक. शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. अ‍ॅनाला परागासाठी डॉरसेटसारखा जोडीदार लागतो, हे रोप घेताना सहसा कुणी सांगत नाही. इंडोनेशियात जावा बेटावर बाटूच्या डोंगराळ भागात तर हिवाळाच नाही. तिथले शेतकरी काढणीनंतर झाडाची पाने हाताने ओरबाडून त्याला विश्रांतीचा भास देतात आणि वर्षात दोनदा फळ घेतात. वर्षाला दोन छाटण्या करून, काडीला हायड्रोजन सायनामाइड लावून डोळे एकसारखे फोडणाऱ्या आपल्या द्राक्ष बागायतदाराला यात अचंबा वाटणार नाही. इथल्या कमी थंडीच्या जातीवरही डिसेंबरअखेर पाने काढून पाहण्यासारखी आहेत.

आमचा आक्षेप हौसेला नाही, विक्रीला आहे. ‘महाराष्ट्रात येणारे सफरचंद’ एवढ्याच पाटीवर रोपे विकली जातात. खुंट कोणता, कलमकाडी कुठली, कलम आहे की बियांचे रोप, याचा पत्ता नसतो. बियांचे रोप आईसारखे फळ देत नाही, हे तर साधे सत्य. राज्यात फळरोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा १९६९ पासून आहे. त्याखाली परवाना लागतो आणि खुंट व कलमकाडी कुठून आणली याची नोंद ठेवावी लागते. आंबा-डाळिंबाच्या रोपांबाबत कृषी खाते जेवढे पाहते, तेवढेच सफरचंदाबाबतही पाहिले पाहिजे, आणि घेणाऱ्यानेही पावतीवर जात व खुंट दोन्ही लिहून मागितले पाहिजेत. लिहून देत नसेल तर तिथून रोप घेऊ नये.

घरच्या दोन झाडांपुरते हे जमण्यासारखे आहे. उंच वाफा, पाण्याचा निचरा, उन्हाळ्यात दुपारची सावली, आणि जूनच्या आत उतरणारी, रंगाने जरा फिकी राहणारी फळे. रंग चढायला थंड रात्री लागतात, त्या मे महिन्यात विंचूरला कुठून येणार? मात्र या दोन झाडांचे यश पाहून द्राक्षाची बाग मोडून एकरभर सफरचंद लावायला निघणाऱ्याने आधी शिमल्याच्या मालाचा नाशिकच्या बाजारातला भाव पाहावा, आणि लागवड एखाद्या गुंठ्यावर करून तीन हंगाम थांबावे.