'लिहाफ'मधील मुलगी

इस्मत चुगताई यांची 'लिहाफ' ही उर्दू कथा १९४२ साली प्रसिद्ध झाली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून लाहोरच्या न्यायालयात तिच्यावर खटला चालला. आक्षेपार्ह शब्द शोधता शोधता एका साक्षीदाराने 'आशिक' या शब्दावर बोट ठेवले, असे लेखिकेने आत्मकथनात नमूद केले आहे. आरोप टिकला नाही. पुढे समीक्षेने कथेचा कैवार घेतला तो बेगमजान आणि रब्बो यांच्या संबंधांच्या अंगाने. उपेक्षित पत्नीचा कोंडमारा, स्त्रीची वासना, समलिंगी आकर्षण यांचे ते विवेचन मोलाचे आहे, आणि त्या आकर्षणात दोष पाहण्याचे कारणही नाही. परंतु हे सारे जी सांगते त्या मुलीचे काय झाले, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

मुलगी भांडखोर, भावांशी, त्यांच्या मित्रांशी मारामाऱ्या करणारी. म्हणून आग्र्याला जाताना आई तिला आपल्या मानलेल्या बहिणीकडे, बेगमजानकडे, ठेवते. याहून सुरक्षित घर कोणते? रब्बो बाहेरगावी जाते. पाठ खाजवून देण्याच्या निमित्ताने जवळीक वाढते, बाहुल्यांची आणि कपड्यांची आमिषे येतात, बरगड्या मोजण्याच्या खेळात हात भलतीकडे फिरू लागतो. मुलगी भेदरते, घरी जाऊ म्हणते. पण सांगावे कोणाला, आणि काय? जी आपल्यावर जीव टाकते तिचीच भीती वाटते, हे कोणाला पटावे?

इंग्रजीत यास 'ग्रूमिंग' म्हणतात. मराठीतील 'फूस लावणे' या प्रयोगावर पळवून नेण्याची छाया आहे. अधिक जवळचा शब्द 'लळा लावणे', आणि तो तर निखळ वात्सल्याचा! हा अपराध वात्सल्याचीच भाषा उसनी घेतो. मुलाला तक्रारीसाठी वेगळी भाषा उरत नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाने हे काही अंशी ओळखले. लैंगिक हल्ल्याच्या व्याख्येत कर्ता स्त्री की पुरुष असा भेद नाही, आणि मुलाचा जबाब त्याने सांगितला तसाच नोंदवावा, असे कलम २६ सांगते. तरीही जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, त्वचेचा त्वचेशी संपर्क झाल्याखेरीज हा हल्ला ठरत नाही, असा अर्थ लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून लैंगिक हेतू निर्णायक मानला. 'लिहाफ'मधील मुलीच्या अंगावरही कपडे होतेच.

शब्दार्थावरचा हा वाद साहित्याच्या अभ्यासकांना परका नाही. मात्र वर्गात ही कथा शिकवताना मुलीचे भय बहुधा निवेदनतंत्राच्या खाती जमा होते: अजाण निवेदिका, तिची गंमतीदार दृष्टी, इत्यादी. वस्तुतः कथेचा आरंभच प्रौढ झालेल्या निवेदिकेच्या आठवणीने होतो. थंडीत ती अंगावर रजई ओढते आणि भिंतीवरची तिची सावली हत्तीसारखी झुलताना दिसते.