टाकी मोठी, नळ तोच

दिवाळीचा बोनस हाती पडला म्हणजे पूर्वी घरात रेडिओ येई; हल्ली मोटारीत साऊंड सिस्टीम बसते. घरातल्या कर्त्या माणसाला त्यातले काही कळत नाही आणि चिरंजीवांना सारेच कळते, अशातली ही बाब असल्यामुळे यंदा या सदरासाठी हाच विषय घेतला आहे.

मोटारीतले गाणे हे काही आजचे खूळ नव्हे. अमेरिकेतील गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ असे नाव दिले. पुढे ते कंपनीलाच चिकटले. त्या काळच्या रेडिओतील व्हॉल्व्हना शंभराहून अधिक व्होल्टांचा दाब लागे आणि अमेरिकन गाड्यांची बॅटरी बहुधा सहा व्होल्टांची. मग व्हायब्रेटर नावाची एक सतत गुणगुणणारी डबी विजेचा दाब चढवून देई. गाणे ऐकायचे तर आधी विजेची तजवीज करायची, ही अट तेव्हापासूनची आहे. आपल्याकडे तर रेडिओसाठी टपाल कचेरीत परवान्याचे पैसेही भरावे लागत. ती कटकट तेवढी गेली, विजेची राहिली.

वरळीला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे चिरंजीव परवा मोठ्या उत्साहाने सांगत आले, “काका, हजार वॅटचा ॲम्प्लिफायर घेतोय. दुकानदार म्हणाला, बॅटरी तेवढी मोठी टाका, की काम झालं!”

“हजार वॅट येणार कुठून?”

“बॅटरीतून.”

“आणि बॅटरीत कुठून येणार?”

यावर ते गप्प झाले.

मुंबईकराला हे पाण्यावरून चटकन समजेल. गच्चीवरची टाकी मोठी बांधली म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. मोटारीत बॅटरी ही टाकी आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर हा नळ. आजच्या चांगल्या ॲम्प्लिफायरलाही हजार वॅट बाहेर टाकायला साडेबाराशेच्या आसपास वॅट आत घ्यावे लागतात. चौदा व्होल्टांनी भागले, तर नव्वद अँपिअर झाले. लहान गाडीचा अल्टरनेटर सारा मिळून सत्तर-नव्वद अँपिअरचा, आणि दिवे, पंखा, पेट्रोलचा पंप यांचा वाटा त्यातूनच जायचा. शिवाय हा आकडा इंजिन जोरात फिरत असतानाचा! सी लिंकवर ठीक आहे. वरळी नाक्याच्या सिग्नलला गाडी नुसती घुरघुरत उभी असते, तेव्हा निम्माही प्रवाह मिळेलच असे नाही. उणे पडेल ते टाकीतून जाते.

गाण्याला सदासर्वकाळ पूर्ण जोर लागत नाही, ढोलाच्या ठोक्यापुरता लागतो, हे खरे. म्हणून तर गाड्या चालतात. पण इंजिन बंद करून सी फेसवर तासभर गाणी ऐकत बसणे निराळे. सरासरी वीस अँपिअर गेले, तरी ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्म्याहून अधिक तेवढ्यात संपते, आणि मग किल्ली फिरवली की नुसती कटकट ऐकू येते. या चिरंजीवांच्या आजींना आठवड्यातून तीनदा पहाटे डायलिसिसला न्यावे लागते, ते याच गाडीतून. त्यामुळे बॅटरीचा प्रश्न त्या घरात केवळ हौसेचा नव्हता.

म्हणून खर्च करायचा तर आधी नळजोडणीवर, म्हणजे तारांवर करावा. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर तार धरा. पाच चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर नव्वद अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच नाहीसा होतो. आणि नाहीसा होतो म्हणजे उष्णता होऊन गालिच्याखाली बसतो. एकवीस चौरस मिलिमीटरची, ज्याला बाजारात चार गेज म्हणतात ती घेतली, तर तोच तोटा ०.४ व्होल्टाच्या आत येतो. मात्र तार तांब्याचीच हवी. वरून तांबे आणि आतून ॲल्युमिनियम असला मालही सर्रास विकला जातो. चाकूने एक तंतू खरवडून पाहावा. आत पांढरे दिसले की दुकानाला नमस्कार करावा. वरळीच्या खाऱ्या हवेत ते ॲल्युमिनियम सांध्यापाशी लवकर कुजते.

परतीची वाटही विसरू नये. ॲम्प्लिफायरची अर्थिंगची तार रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट आवळावी. त्याचबरोबर अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरीचे ऋण टोक ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तीन तारा जाड केल्या, तर पुष्कळदा दिव्यांचे मिचकावणे एवढ्यानेच कमी होते.

आता फ्यूज. येथे मात्र मी हटवादी आहे. तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच हवा. पुष्कळांना वाटते, फ्यूज ॲम्प्लिफायरच्या रक्षणासाठी असतो. तो असतो तारेसाठी. तार इंजिनकडून आत येते ती पत्र्याच्या भोकातून. तेथे रबरी बुच नसेल, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर पत्र्याची कड हळूहळू तिचे कातडे सोलते. एके दिवशी तांबे पत्र्याला टेकते आणि बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज दूर डिकीत असेल, तर त्याला यातले काही कळतही नाही. तार लाल होते, गालिचा पेटतो, आणि मोटारीत माणसे असतात.

आणखी एक चोरटी गळती. ॲम्प्लिफायरला ‘जागा हो’ असे सांगणारी बारीक तार किल्लीबरोबर बंद न होणाऱ्या ठिकाणी जोडली, तर तो रात्रंदिवस जागाच राहतो. एक अँपिअर खाल्ला, तरी दीड दिवसात ३५ अँपिअर-तास फस्त. आठवडाभर टॉवरच्या पोटातल्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आमच्या चिरंजीवांनी अखेर चार वाटांचा, प्रत्येकी पन्नास वॅटांचा ॲम्प्लिफायर घेतला. चार गेजची तार, जागच्या जागी फ्यूज, बॅटरी मूळचीच. कंपनीच्या तारांना कात्री न लावता जोडणी कपलरने केली, कारण तार कापली की वॉरंटीचा वाद ठरलेला. नव्या सामानाची नोंद विमा कंपनीकडे लेखी करून वेगळा हप्ता भरला. वडिलांना आवाज तरीही मोठाच वाटतो. रुग्णालयांच्या सभोवारी शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येते, आणि वरळीत पोदार रुग्णालय रस्त्यालाच आहे, हे त्यांनी मुलाला तीनदा सांगितले. पुढच्या सीटवर आजी असल्या, की तो खुंटी आपणच खाली पिळतो.