खूण आणि विश्वास

हिवाळ्याची चाहूल लागताच बाजारपेठेत पाणी तापविण्याच्या विजेच्या रॉडचे ढीग दिसू लागतात. ‘आयएसआय’ची खूण पाहून गृहिणी निश्चिंत मनाने तो घरी आणते. ही निश्चिंतता कशाच्या आधारावर उभी आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मानक आणि प्रमाणन या दोन भिन्न गोष्टी आहेत. मानक म्हणजे नियम. अशा रॉडसाठी ‘आयएस ३६८’ हे भारतीय मानक आहे. वस्तू कोणत्या कसोट्यांना उतरली पाहिजे, हे ते सांगते. हातातील वस्तू त्या नियमानुसार आहे, अशी त्रयस्थाने दिलेली साक्ष म्हणजे प्रमाणन. साक्षीवाचून मानक कागदावरच राहते आणि चाचणीवाचून दिलेली साक्ष ही फसवणूक ठरते.

भारतीय मानक संस्था जानेवारी १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर स्थापन झाली. १९५२ मध्ये प्रमाणन चिन्हांचा कायदा झाला. २००३ च्या आदेशाने विजेच्या तारा, स्विच, इस्त्री आदी वस्तूंना ही खूण सक्तीची केली. तरीही बनावट खुणा छापणारे निपजतातच. त्यांच्या लोभाची किंमत एखाद्या कुटुंबाला प्राणांनी मोजावी लागते.

चाचण्यांचा खर्च पेलत नाही, अशी लघुउद्योजकांची तक्रार असते. ती निराधार नाही. परंतु त्यावर नियमांत सूट देणे हा उपाय नव्हे. औद्योगिक वसाहतींत अल्प शुल्कात चाचणी करून देणाऱ्या सामायिक प्रयोगशाळा शासनाने उभाराव्यात. विजेचा धक्का कारखान्याचा आकार पाहून बसत नाही. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी तर गुणवत्तेबाबत अधिकच कठोर असले पाहिजे. निकृष्ट मालाला ‘आपला’ म्हणून पाठीशी घालणे हा स्वदेशीचाच द्रोह होय.

ग्राहकाचेही कर्तव्य आहेच. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य आरंभले, ते ग्राहक जागा व्हावा म्हणून. आयएसआय खुणेच्या वर मानकाचा आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तो परवाना खरा की खोटा, हे पडताळता येते. क्रमांक नसेल तर वस्तू परत करावी, पक्के बिल मागावे आणि बनावट खुणेची तक्रार नोंदवावी. दहा-वीस रुपयांच्या बचतीसाठी घरातील माणसांचा जीव टांगणीला लावणे, हा काटकसरीचा संस्कार नव्हे.