आषाढात घर विकू नका



या पानावर आम्ही नेहमी बेणे, हुमणी, पाचट आणि ठिबक यांविषयी लिहितो. यावेळचा विषय शेतकी खात्याच्या कक्षेबाहेरचा आहे. त्याबद्दल कोणी आम्हाला बोल लावला तर तो आम्ही ऐकून घेऊ. परंतु प्लॉट बघायला बांधावर गेले की अलीकडे जे कानावर येते, ते काणी-गवताळ वाढीपेक्षा वाईट आहे. अमक्याने राहते घर विकले, तमक्याने गावातला वाडा खरेदी करून दिला, आणि व्यवहार चार दिवसांत उरकला. अंगावर कर्ज होते हे खरे. पण चार-पाच प्रकरणे जवळून पाहिल्यावर आमचे मत असे झाले आहे की, कर्जापेक्षा घाईनेच ही घरे जास्त खाल्ली.

एक उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण ज्याचे गेले त्याला पुन्हा चारचौघांत उभे करण्यात अर्थ नाही. आपल्याच एका गटातले वयस्क सभासद. सगळे त्यांना आबा म्हणतात, आम्हीही म्हणतो. पत्नीचे ऑपरेशन निघाले तेव्हा त्यांनी गावातल्या एकाकडून दोन लाख रुपये शेकडा पाच रुपये महिना व्याजाने उचलले. म्हणजे महिन्याला दहा हजार नुसते व्याज. काही महिने दुधाच्या बिलातून ते पोचते केले. मग म्हैस आटली आणि व्याज तटले. आषाढ लागला तसा सावकार सकाळी उठून आबांच्या ओट्यावर येऊन बसू लागला. शिव्या नाहीत, दमदाटी नाही, नुसता बसायचा. आबांना पैशाच्या ओझ्यापेक्षा शेजाऱ्यांची नजर सोसेना. गावठाणातले सहा खणांचे घर, मागे परसू, दारात नळ. नऊ लाखांना सहज गेले असते असे आता तीच शेजारची माणसे सांगतात. आबांनी ते पाच लाखांना दिले. घेणारा सावकाराचाच पाहुणा. आबा आणि काकू आज रानातल्या पत्र्याच्या खोलीत राहतात.

आता आमच्या रजिस्टराकडे वळू. त्याच आषाढात आबांच्या नावावर दोन एकर आडसाली उसाची नोंद होती. बारा महिन्यांचा ऊस, फुटवा चांगला, लोळलेला नाही. एकरी साठ टन धरा, म्हणजे एकशेवीस टन. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला तीन हजार धरले तर तीन लाख साठ हजार. सोसायटीची कपात एक लाख वीस हजार. हातात राहिले असते दोन लाख चाळीस हजार. लागण तारखेप्रमाणे तोड नोव्हेंबरअखेर आली, बिल डिसेंबरच्या मध्यावर. आषाढापासून तोवर पाच महिन्यांचे त्या अघोरी दरानेसुद्धा पन्नास हजार व्याज झाले असते, म्हणजे एकूण देणे अडीच लाख. तूट पडत होती दहा हजारांची. त्या दहा हजारांसाठी, आणि पाच महिने दम धरता आला नाही म्हणून, चार लाखांचे नुकसान झाले. घरखर्च यात धरलेला नाही हे मान्य, पण तो धरूनही हिशेब पालटत नाही.

श्रावणात आम्ही प्लॉटवर गेलो तेव्हा हे कळले. आम्ही म्हणालो, "आबा, आम्हाला एका शब्दानं विचारायचं तरी." ते म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं ऊस घेऊन यायचं असतंय. रडगाणं घेऊन कसं यायचं?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्येष्ठात आम्ही त्यांच्या बांधावर अर्धा तास उभे होतो. पोक्का बोइंगवर बोललो, खताच्या शेवटच्या हप्त्यावर बोललो. माणूस गप्प गप्प आहे हे दिसत होते. विचारले नाही. ही चूक आमची.

आषाढ-श्रावणात आपल्या भागात पैसा कोणाकडे असतो? मागच्या हंगामाचे बिल मार्च-एप्रिलपर्यंत येऊन लग्नकार्यात, सोसायटीचे नवे-जुने करण्यात आणि खतात गेलेले असते. शेजाऱ्याची तुमचे घर घ्यायची इच्छा असली तरी त्याची गाठ मोकळी असते. त्यावेळी रोख पैसा असतो तो व्याजाचा धंदा करणाऱ्याकडे. म्हणजे बाजारात गिऱ्हाईक एकच, आणि तोच तुमचा देणेकरी. अडला हरी म्हणतात तो असा. तेच घर जानेवारीनंतर विकायला काढा. गावात दहा घरांत उसाची बिले आलेली असतात, नोकरीवरची मुले सुटीला आलेली असतात, तीन-चार गिऱ्हाइके भाव करतात. माती तीच, भिंती त्याच, आणि दीड-दोन लाखांचा फरक नुसत्या महिन्याने पडतो. कोवळा ऊस कोणी गुऱ्हाळाला घातला तर आपण त्याला वेडा म्हणतो. मग घराच्या बाबतीत पक्वतेचा विचार का करू नये?

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. सावकार म्हणतो, "घर विकू नको. नुसतं नावावर करून ठेव. पैसं दिलंस की परत करून देतो." आणि परतीचा करार म्हणून वेगळ्या स्टँपवर चार ओळी लिहून देतो. सभासदांनी हे नीट ध्यानात ठेवावे. विकलेली मिळकत परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण म्हणून धरला जात नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ सालापासून हे स्पष्ट आहे. वेगळ्या कागदावर कितीही गोड लिहिले असले तरी रजिस्टर झालेले खरेदीखत हे खरेदीखतच. आमच्या माहितीतले एक कुटुंब अशा कागदापायी आपल्याच घरात महिना तीन हजार भाडे भरून राहत आहे. घरधनीण अजून रोज तोच उंबरा पुसते.

ज्यांचे असे झाले आहे त्यांनी मात्र हातपाय गाळू नयेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे, सावकारीच्या कर्जाला तारण म्हणून खरेदीखताने गेलेली स्थावर मिळकत चौकशीअंती मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. पंधरा वर्षांच्या आतले व्यवहार त्यात तपासता येतात. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात देता येतो. व्याज किती दिले, कोणासमोर दिले, पैसे कोणत्या तारखेला घेतले, याची जी चिटोरी घरात असतील ती फेकू नका. शेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्के आणि तारणी कर्जावर ९ टक्के असा दर २०१४ साली सरकारने ठरवून दिला, आणि तोही परवाना असलेल्या सावकाराला. शेकडा पाच महिना म्हणजे वर्षाला साठ टक्के. मुद्दलाहून अधिक व्याज तर कायद्याने वसूलच करता येत नाही. आम्ही कृषी पदविकेची माणसे, वकील नव्हे. तेव्हा कागद करण्यापूर्वी वकिलाला दाखवावा हे सांगणे न लगे. वकिलाची फी ऐकून मागे फिरणारे आणि पुढे घर घालवणारे आम्ही पाहिले आहेत.

भीतीनेही घाई होते. सावकार म्हणतो, कोर्टातून घराला टाळे लावीन. दिवाणी कोर्टाच्या साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात, शेतीवर जगणाऱ्या माणसाचे स्वतः राहते घर जप्तीतून वगळलेले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये ते आहे. अर्थात घर तारण दिलेले असेल तर गोष्ट वेगळी. बँकेकडे तारण असले तरी नोटीस आली म्हणजे दुसऱ्या दिवशी भांडी बाहेर पडतात असे नाही. २००२ च्या कायद्याखालील मागणी नोटिशीला साठ दिवसांची मुदत असते आणि तुम्ही लेखी हरकत दिली तर बँकेला लेखी उत्तर द्यावे लागते. नोटीस न घेता पोस्टमनला परत पाठवणे हा आपल्याकडचा आवडता उपाय. त्याने फक्त आपले दिवस वाया जातात.

याचा अर्थ घर कधी विकूच नये असा कोणी काढू नये. उत्पन्नातून फिटणार नाही एवढे कर्ज झाले असेल तर वेळेवर विकून मोकळे होणे शहाणपणाचे. लिलावाच्या बोलीपेक्षा स्वतः केलेला सौदा केव्हाही बरा. पण तो उघड करा. भावकीला, सोसायटीच्या सचिवाला, दोन-चार शेजाऱ्यांना सांगा. लाज वाटते म्हणून गुपचूप केले की गिऱ्हाईक एकच राहते. आधी बँकेत जाऊन एकरकमी परतफेडीत किती कमी करता ते लेखी घ्या, मग घराचा भाव करा. हा क्रम उलटा झाला की मिळालेले पैसे अपुरे पडतात, घरही जाते आणि बोजाही राहतो. शक्य असेल तर घेणाऱ्याचा धनाकर्ष थेट कर्जखात्यात भरून घ्या आणि बोजा कमी झाल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय उठू नका.

भाव पाडायला आणखी एक हत्यार आपणच त्यांच्या हातात देतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. पुष्कळ ठिकाणी त्यावर आजोबांचेच नाव आहे. वारसनोंद नाही, बहिणींच्या सह्या नाहीत. २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क आला आहे, तेव्हा बहिणीला न विचारता केलेला सौदा पुढे कोर्टात जातो. घेणारा हे जाणून असतो. "कागद कच्चा हाय," म्हणतो आणि लाख-दीड लाख कापतो. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. आपल्या गावची झाली असेल तर ती काढून ठेवा. हे काम सुगीच्या दिवसांत करायचे. आग लागल्यावर विहीर खणत बसू नये.

आता घरचे बोलणे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन कारखान्यांवर घातले. आपल्या कारखान्याकडूनही काही हंगामांत ते पाळले गेले नाही, हे या पानावर लिहायला आम्हाला कसेसेच वाटते, पण सभासदाला ते ठाऊकच आहे. बिल महिनाभर लांबले की शेकडा पाचच्या दराने दोन लाखांवर दहा हजार चढतात. आबांची तूट तेवढीच होती. कार्यालयातल्या आम्हा लोकांना एक महिना म्हणजे साखरेचा भाव बघायला मिळालेला अवधी वाटतो. सभासदाच्या ओट्यावर त्या महिन्यात कोणीतरी येऊन बसलेले असते.

म्हणून आम्ही वरिष्ठांपुढे एक सूचना मांडली आहे. अडचणीतल्या सभासदाने मागितल्यास शेतकी खात्याने उभ्या उसाची पाहणी करून अंदाजे टनेज, तोडीचा अंदाजे पंधरवडा आणि कपात वजा जाता हाती येणारी रक्कम असा दाखला त्याला द्यावा. हा काही कर्जहमीचा कागद नव्हे. पण तो घेऊन माणूस सोसायटीत, पतसंस्थेत किंवा मेहुण्याच्या दारात ताठ मानेने जाऊ शकतो. आणि सावकारालाही दाखवू शकतो की बाबा, डिसेंबरपर्यंत थांब. सूचनेवर विचार चालू आहे असे उत्तर मिळाले आहे. सभासदांनी वार्षिक सभेत हा विषय काढला तर तो विचार जरा लवकर संपेल, असे आम्हाला वाटते.

तोपर्यंत आम्ही वहीच्या कागदावर का होईना, हिशेब मांडून देऊ. दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही गट कार्यालयात असतो. येताना ऊस नोंदीची पावती, सोसायटीचा खातेउतारा आणि घराचा नमुना आठ बरोबर आणावा. इसार घेतला नसेल तर त्याआधीच यावे. चिटबॉयला कारण सांगायची गरज नाही, साहेबांकडे काम आहे म्हटले की पुरे.